शेवट सांगणारे काका

हे आत्ताच्या आत्ता सांगितलं नाही तर माझं डोकं फुटेल. कर्जतच्या आमच्या वाचनालयातले काका पुस्तकावर तारखेचा शिक्का मारता मारता त्याचा शेवट सांगून टाकतात. खुनी कोण, लग्न कुणाशी, सगळं. वर म्हणतात, "तुझा वेळ वाचला गं."

एका लेखकाचं तेवढं सांगत नाहीत. भुयारं, बंद खोल्या, जिवंत पुरलेली माणसं, असलं लिहिणारा. तो जाऊन कैक वर्षं झाली, तरी त्याच्या एका कादंबरीसाठी खोपोलीहून येऊन लोक नंबर लावतात. दोन महिन्यांनी माझा लागला. मी आधीच हात जोडले, "काका, शेवट नका सांगू."

"मलाच ठावूक नाय. दरवर्षी घरी नेतो, शेवटल्या प्रकरणाला छाती होत नाय. बाकीचे लेखक वाचून संपतात गं. ह्यो संपत नाय."

मी दोन दिवसांत वाचली. शेवट असा जबरदस्त, की धावतच वाचनालयात गेले. "काका, त्या खोलीत ना..."

काकांनी दोन्ही कानांत बोटं घातली. शिक्क्याची शाई कानांना लागली.

"नको सांगू बाय. पुढल्या वर्षी परत न्यायचीय मला."

माझे इतके शेवट नासवले, आणि मला एक सांगू देत नाहीत. तुम्हाला कुणी असं छळलंय का हो?