दरीतला फणस

निवृत्त होणाऱ्या एका इंग्रजाला मी एकदा त्याचंच गाव भेट दिलं होतं. न बघता आणि न विचारता. तेव्हा मी चाळिशीची होते आणि आपल्याला सगळं कळतं, अशी माझी पक्की समजूत होती.

आखातात, अल क्वोजमधल्या एका वर्कशॉपच्या ऑफिसात मी टायपिंग करायचे. साहेबांचं आडनाव क्लफ. एकदा चहा पिताना ते म्हणाले, त्यांच्याकडे उत्तरेच्या बोलीत क्लफ म्हणजे अरुंद दरी; दोन्ही अंगांना झाडी, तळाशी ओढा. म्हटलं, हा तर आमचा व्हाळ! मी कोकणातली. आडनाव कळलं की गाव कळलं, आणि गाव म्हटलं की तिथे दार उघडणारं कुणीतरी असणारच. एवढंच माझं जगाचं ज्ञान.

साहेबांची बायको आदल्या वर्षी इथेच वारलेली. मूलबाळ नाही. नोकरीबरोबर व्हिसाही संपणार होता. सगळं ऑफिस हळहळत होतं आणि मी एकटीच खुशीत, "अहो, घरी चाललेत ते!"

शेजारच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरकडून मी दरीचं चित्र करून घेतलं. त्याने सवयीने ओढ्याकाठी दोन खजूर काढले. "भैया, ये निकालो," म्हणत मी तिथे फणस काढायला लावला. वर कौलारू घर, खिडकीत उजेड. काय ती माझी कलादृष्टी!

निरोपाला केक कापला, यल्ला यल्ला, चला चला करत फोटो झाले. साहेब चित्राकडे बराच वेळ बघत राहिले. "पोचलात की दरीचा फोटो पाठवा," मी वर सांगितलं. ते गेल्यावर चित्र त्यांच्या कपाटामागे सापडलं, भिंतीकडे तोंड करून. मी ते घरी आणलं.

आता ते डिस्कव्हरी गार्डन्समध्ये माझ्या मुलाच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये आहे. आमचे हे चैत्रात गेले. मी रडले नाही. चहा वेळेवर होतो, कपडे वाळतात, घड्या होतात. मुलगा विचारतो, "आई, गावचं घर उघडायचं का तुझ्यासाठी?" मी "बघू" म्हणते आणि फणसाकडे बघत बसते.

निरोपाच्या त्या दिवशी मी केकच्या प्लेटा गोळा करत होते, तेव्हा साहेब जवळ आले होते. मिस्त्र्यांकडून शिकलेल्या हिंदीत एवढंच म्हणाले,

"जगह अच्छा है, मॅडम. उधर रहता कौन है?"