आंबट धुराचं औषध

आमच्याकडे ऊस तुटला, की रानात उरलेलं वाळलं पाचट पेटवायचं, हे आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या अंगवळणीच पडलेलं. मी रसायनशास्त्र शिकून मंचरच्या शाळेत शिकवायला लागले, तरी अवसरी बुद्रुकच्या आमच्या रानात माझं कोण ऐकतंय! "यंदा जाळू नका, मी त्यातनं किडीवर फवारायचं औषध काढते," म्हटलं, तर म्हणाले, "काढ. पर ते कांद्यावर चाललं नाय, तर काडी लावणार."

मी इरेला पेटले. जुन्या पिंपात पाचट कोंबलं, झाकण घट्ट बसवलं, वर लोखंडी नळी, नळीवर ओलं गोणपाट. खालून जाळ. आत हवाच नाही, त्यामुळे पाचट पेटत नाही, नुसतं भाजतं आणि त्याचा धूर नळीत गार होऊन ठिबकतो. तासभर फक्त धूर आणि आबांचा खोकला. मग टप्! तांबूस थेंब बरणीत. मी अनवाणीच नाचले. व्हिनेगरमधलंच आम्ल होतं ते, आमच्या पाचटातलं! त्यात धुराचं डांबरही उतरतं, ते तळाशी बसावं म्हणून बरणी महिनाभर हलवली नाही.

फवारणीच्या दिवशी मला शाळा होती. "पंपाला एकच झाकण," असं आबांना बजावून गेले. बाटलीच्या झाकणानं औषध मोजायची आमच्याकडे रीत आहे, आणि सांगितल्यापेक्षा जास्त ओतायचीही आहे. ही दुसरी मी साफ विसरले.

संध्याकाळी आले, तर कांद्याच्या दोन वाफ्यांची पात करपून आडवी. आबा बांधावर, हातात काडेपेटी.

"एका झाकणानं काय व्हतंय, म्हणून सगळंच वतलं. पाणी नावाला," ते पुटपुटले.

मला संताप आला आणि रडूही. एवढा खटाटोप मातीत! त्यांच्याकडे बघवेना, म्हणून मान खाली घातली. बांधावर जिथं पंप गळला होता, तिथलं गाजरगवत मान टाकून काळं पडलं होतं. कशालाही दाद न देणारं गाजरगवत!

"आबा, बघा की! तण जळालंय!" मी एवढ्यानं ओरडले, की शेजारच्या रानातले काका काठी घेऊन धावत आले. त्यांना वाटलं, साप निघाला.

आबा खाली बसले. गाजरगवताची एक काडी उपटून बोटांत चुरडली, हुंगली. करपलेल्या वाफ्यांकडे एकदा पाहिलं आणि काडेपेटी माझ्या हातावर ठेवली.

"धर. पिंपाखाली लाव. पाचट लई पडलंय."