सुलतानाची कबर, दोन चित्रं

रिटायर झाल्यावर मी आणि माझी एक मैत्रीण, आम्ही इथे अमेरिकेत, बेलव्ह्यूच्या कम्युनिटी सेंटरमधल्या वॉटरकलरच्या क्लासला एकत्रच नाव घातलं. मी शाळेत इंटरमिजिएट ड्रॉइंगची परीक्षा ए ग्रेडने पास झालेली. ती भूलतज्ज्ञ, उभ्या आयुष्यात हातात ब्रश धरलेला नाही. कागद किती ओला करायचा, हेसुद्धा तिला मीच शिकवलं.

मागच्या वर्षी आम्ही नवऱ्यांसकट तुर्कस्तानला गेलो. बुर्सा गावात एका ऑटोमन सुलतानाची कबर पाहिली. भिंतींवर निळ्या-हिरव्या टाइल्स, वर सोनेरी अक्षरं, मधोमध उंच चौथऱ्यावर नक्षीदार कबर. मी भराभर फोटो काढले. ती नुसती भिंतीला टेकून बसून राहिली.

परत आल्यावर दोघींनीही तीच जागा रंगवायला घेतली. मी फोटो झूम करून एकेक टाइल काढली. तिने टाइल्स जवळजवळ काढल्याच नाहीत. निळे ओघळ सोडले, आणि कबरीवर खिडकीतून ऊन पडतं तिथे कागद कोरा ठेवला. त्या कोऱ्या जागेत खरंच ऊन होतं. माझ्या पोटात दुखायला लागलं.

"कमान डावीकडे कललीये," मी म्हटलं. कलली होतीच.

"हो ना यार, मला ते जमतच नाही," ती हसून म्हणाली.

थँक्सगिव्हिंगला माझी मुलगी सांता क्लाराहून आली. सेंटरच्या लॉबीत आमची चित्रं लावली होती, ती दाखवायला तिला हौसेने नेलं.

"सो डीटेल्ड, आई," माझ्या चित्रासमोर ती म्हणाली. मग शेजारच्या चित्रापाशी गेली ती तिथून हलेचना.

"हे कोणी केलं?"

"मावशीने."

"मला हवंय हे. देईल ती?"

"तिलाच विचार," मी म्हटलं. आवाज जमेल तितका साधा ठेवला.

मैत्रिणीने लगेच दिलं, वर फ्रेमही करून दिली. आता ते मुलीच्या डायनिंग टेबलासमोर आहे. माझं तिच्या गेस्टरूममध्ये. मुलीकडे गेले की सगळे कामाला गेल्यावर मी चहा घेऊन त्या चित्रासमोर बसते आणि ते ऊन कसं केलंय ते शोधत राहते. घरी येऊन तसं करूनही पाहिलं. हात आपोआप टाइल काढायला जातो.

परवा शेवटी क्लासमध्ये तिला विचारलंच, "ती जागा कोरी ठेवायचं कसं सुचलं तुला?"

"सुचलं कुठे? काय करावं कळेना, म्हणून सोडून दिली," ती म्हणाली आणि चिवड्याचा डबा माझ्यापुढे सरकवला.

मला तिचा आणखीच राग आला.