वाळवंटात मागे राहिलेली गाडी

माझ्या मुलाला, विजयला, अठ्ठेचाळिसावं लागलं आणि त्याला मोटारसायकल आठवली. अकोल्याला कॉलेजात असताना तो मामाची फटफटी पळवायचा आणि महिन्यातून एकदा गुडघे फोडून घ्यायचा. पुढे अमेरिकेत येऊन कॉम्प्युटरसमोर बसला, ढेरी आली, केस गेले. गेल्या वर्षी लेक ॲन आर्बरला शिकायला गेली, मिनेसोटातलं ईडन प्रेरीचं घर रिकामं झालं, आणि ह्याच्या डोक्यात ते जुनं खूळ परत शिरलं.

मे महिन्याच्या अखेरीस इथे जोडून सुट्टी येते. त्यात कॅलिफोर्नियाला जायचं ठरलं. एक दिवस समुद्रकाठच्या वाळूत, एक दिवस वाळवंटात. गाइडची जीप पुढे, आपण मागे. विजयला डर्ट बाइक, म्हणजे खडकमातीत उडवायची मोटारसायकल. माझ्या सुनेला, मृदुलाला, चार चाकांची उघडी बग्गी. आणि मी त्या बग्गीत तिच्या शेजारी.

"मी कशाला?" मी विचारलं.

"मग घरी एकट्या राहता का? तो घराचा चोरांसाठीचा अलार्म वाजला तर?" मृदुला म्हणाली.

त्या अलार्मला मी घाबरते हे तिला माहीत आहे. म्हणून गेले. हौस म्हणून नाही.

नातीनं हा ब्लॉग काढून दिलाय. मी वहीत लिहिते, मृदुला टाइप करते. माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेव्हा निसर्गाचं वर्णन हवं असेल तर दुसरीकडे बघा. जायचं असेल तर काय विचारून घ्यावं, ते मात्र इथे मिळेल.

मिनिआपोलिसहून विमानानं लॉस एंजेलिस. तिथून भाड्याची गाडी, एकशे एक नंबरचा रस्ता, आणि साडेतीन तासांनी पिस्मो बीच. रस्ता उत्तम. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला मधून मधून समुद्र. मी तिखटमिठाच्या पुऱ्या आणि चिवडा बांधून नेला होता, त्यामुळे वाटेत फक्त कॉफीला थांबलो. तुम्हीही न्या. रस्त्यावर मिळतं ते म्हणजे राजम्याची घट्ट उसळ गुंडाळलेली थंड पोळी, आणि त्यात चीज नको म्हटलं तर तो मुलगा आपल्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसं बघतो.

पिस्मोला गाड्या थेट समुद्राच्या काठानं चालवतात. मला हे खरं वाटलं नव्हतं. एका बाजूला लाटा, दुसऱ्या बाजूला वाळूच्या टेकड्या आणि मधून लोक तंबू, कुत्री, लेकरं घेऊन गाडीनं चाललेले. आमचा गाइड डेल म्हणून होता. साठीचा, उन्हानं करपलेला, बोलायला मोजका. त्यानं पहिल्यांदा काय केलं, तर बग्गीच्या चांगल्या फुगलेल्या चाकांतली हवा सोडून दिली.

"अगं, हा पंक्चर करतोय," मी मृदुलाला म्हटलं.

"आई, वाळूत चाक पसरट हवं, नाहीतर रुततं."

मग बग्गीच्या मागे लांब काठीवर नारिंगी झेंडा लावला. टेकडीच्या पलीकडून येणाऱ्याला आधी झेंडा दिसावा म्हणून. म्हणजे पलीकडून कोणीतरी येऊन आपल्यावर आदळू शकतं, हे त्यांनाही मान्य आहे. माझ्या डोक्यावर हेल्मेट घातलं, पट्ट्यानं मला सीटला आवळलं आणि निघाले. चढताना फक्त आभाळ दिसतं. पुढे जमीन आहे की नाही ते कळत नाही. माथ्यावर गेलं की पोट वर येतं आणि गाडी खाली जाते. मी डोळे मिटून घेतले. कुठला देव आठवला म्हणाल तर एकही नाही. बग्गीचा लोखंडी नळा दोन्ही हातांनी धरला होता, तोच काय तो.

मृदुला मात्र हसत होती. तिनं गाडी शिकली तीच मिनेसोटाच्या बर्फात, तिला घसरण्याचं भय नाही. विजय दोनदा पडला, दोनदा उठला, आणि संध्याकाळी मॉटेलवर चालताना पाय असे फाकवून टाकत होता की मी तोंड फिरवून हसून घेतलं.

दिवसभरात मी पाणी किती प्यायले? दोन घोट. हे मुद्दाम सांगते. एसटीनं प्रवास केलेल्या बायकांना वेगळं समजवायला नको. जिथे सोय नाही तिथे निघायच्या आधीच पाणी बंद. ही सवय मला लग्नाआधीपासून. समुद्रावर गार वारा होता म्हणून निभावलं.

दुसरा दिवस नुसता गाडीत गेला. बेकर्सफील्डवरून मोहावीच्या वाळवंटाकडे. हळूहळू झाडं कमी झाली, मग झुडपं, मग तीही नाहीत. मुक्काम रस्त्यावरच्या एका मॉटेलात, खोली स्वच्छ, रात्रीसुद्धा भिंती कोमट.

तिसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता डेल तिथे हजर होता. त्यानं जीपच्या पाठीवर हात ठेवून नियम सांगितला आणि मृदुलानं मला मराठीत सांगितला. वाळवंटात एकाच्या मागे एक चालायचं, धुळीमुळे अंतर ठेवून. वाट फुटली की पुढच्यानं थांबायचं. मागची गाडी दिसली, तिनं आपल्याला पाहिलं, की मगच वळायचं. आणि चुकलात तर गाडी सोडून जायचं नाही. माणूस शोधायला कठीण, गाडी शोधायला सोपी.

क्रम असा होता: डेलची जीप, मग विजय, मग आम्ही दोघी. म्हणजे आमच्यासाठी थांबायचं काम विजयचं.

पाण्याच्या बाटल्या डेलनं बर्फातून काढून दिल्या, प्रत्येकीला चार. पीत राहा, असं तीनदा म्हणाला. मी मान हलवली आणि बाटल्या पायाशी ठेवल्या. मृदुलानंही तेच केलं. मी तिला विचारलं नाही, तिनं मला विचारलं नाही.

पहिले दोन तास बरे गेले असं म्हणायला हरकत नाही. ऊन चढत गेलं. लाल डोंगर, मध्ये कोरड्या नाल्यांची रुंद पात्रं, त्यातूनच वाट. नागासारखे विषारी साप असतात, शेपूट वाजवतात, असं डेल म्हणाला होता, त्यामुळे मी प्रत्येक दगडाकडे बघत होते. पुढे विजयच्या धुळीचा लोट दिसायचा. मग तो लहान झाला. मग दिसेना.

आम्ही वळणावरून आलो तर नाला दोन ठिकाणी फुटलेला. तिथे कोणी नव्हतं.

मृदुलानं गाडी थांबवली. "थांबायला हवा होता."

"हाक मार."

डेलनं बग्गीत एकमेकांना हाक मारायला रेडिओ बसवला होता, त्यावर तिनं हाक मारली. नुसती खरखर. दोन्हीकडे चाकांच्या खुणा. डावीकडच्या तिला ताज्या वाटल्या. मला विचाराल तर दोन्ही सारख्याच होत्या, पण मला कोणी विचारलं नाही आणि विचारलं असतं तरी मी डावीकडेच म्हटलं असतं. थोडं अंतर गेलो आणि नाला अरुंद झाला, दोन्ही बाजूंना भिंती आल्या, वाळू पिठासारखी मऊ. गाडी बसली. मृदुलानं जोर दिला, मागची चाकं आणखी खाली गेली. मग गाडीचं पोट वाळूला टेकलं.

इंजिन बंद केल्यावर जी शांतता झाली, तिनं मला घाम फुटला. उन्हानं नाही. एक पक्षी नाही, काही नाही. कानात आपलंच रक्त वाजतं.

मृदुला उतरली आणि हातांनी वाळू उपसायला लागली. मग हेल्मेटनं. जितकी काढावी तितकी परत सरकायची. मी म्हटलं, सोड, ते येतील. ती ऐकेना. नवऱ्याचा राग ती वाळूवर काढत होती. बऱ्याच वेळानं ती उठली आणि गाडीला धरून उभी राहिली. चेहरा आधी लालबुंद होता, तो आता राखेसारखा झाला.

"डोकं ठणकतंय," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "आई, तो रस्ता दिसतोय बघा. त्या टेकडीमागे. मी पाच मिनिटांत जाऊन येते."

तिकडे रस्ता नव्हता. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, मला लांबचं स्वच्छ दिसतं. तिकडे दगड होते आणि त्यावर ऊन हलत होतं.

"बस," मी म्हटलं.

"आयुष्यभर तुम्ही मला बस म्हणालात."

"आणि तू एकदाही बसली नाहीस. आज बस."

ती हसली, पण ते हसणं तिचं नव्हतं. आणि चालायला लागली. पाय वाकडे पडत होते. तेव्हा मला कळलं की ही गेली तर परत येणार नाही. मला गाडी चालवता येत नाही, इंग्रजी येत नाही, इथून कुठे जायचं ते माहीत नाही. ही त्या दगडांत कुठेतरी पडेल आणि मी इथे बसून राहीन. इतकी भीती मला नवरा गेला तेव्हाही वाटली नव्हती. तो दवाखान्यात गेला, भोवती माणसं होती.

मी तिच्या मागे गेले आणि तिनं धुळीसाठी गळ्याभोवती घेतलेली ओढणी धरली. ओढणी सुटून माझ्या हातात आली. मग मी तिचा दंड धरला. अंग तापलेलं आणि कोरडं. मी सत्तरीची, पण विहिरीचं पाणी ओढलेले हात आहेत. खेचत आणली, बग्गीच्या सावलीत टाकली. सावली म्हणजे काय, पाटाएवढी. तिचं डोकं आणि छाती तेवढी मावली.

पाणी होतं. दोघींनी प्यायलंच नव्हतं, म्हणून भरपूर होतं. कडकडीत झालेलं. ओढणी भिजवून तिच्या डोक्यावर, मानेवर ठेवली. तोंडात पाणी ओतलं तर तिनं ओकून टाकलं. मग झाकणानं पाजलं, एक झाकण, थांब, एक झाकण. बाळंतिणीच्या अशक्त पोराला पाजतात तसं.

"सकाळपासून किती प्यायलीस?"

"तुम्ही किती प्यायलात?"

मीही एक बाटली तोंडाला लावली.

रेडिओचं बटण दाबून मी ओरडत होते, "विजू, अरे विजू, आम्ही डावीकडे आहोत." खरखर. मृदुलाचे डोळे मिटायला लागले की मी दगड घेऊन बग्गीच्या नळ्यावर ठोकायचे. ती दचकून डोळे उघडायची.

"झोपू द्या ना."

"झोप नंतर. माझ्या भाजीत मीठ जास्त असतं म्हणून तुझ्या मैत्रिणीला फोनवर सांगत होतीस, ते आता मला तोंडावर सांग."

"असतंच जास्त," ती डोळे मिटून म्हणाली.

तेवढ्यावरून मला जरा धीर आला. किती वेळ गेला ते माहीत नाही. सावली सरकली तशी मी तिला सरकवत होते. तिसरी बाटली संपत आली तेव्हा ती म्हणाली, "मला जायचंय." मी ओली ओढणी दोन्ही हातांत पसरून आडोसा धरला. आडोसा कोणापासून, तर डोंगरापासून. पण धरला. तिला लघवी लागली, म्हणजे पाणी अंगात उतरलं, याचा मला जेवढा आनंद झाला, तेवढा विजयच्या मुंजीतही झाला नव्हता.

मग जीपचा आवाज आला. डेल चाकांच्या खुणा बघत आला होता. मागून विजय, बाइक टाकून धावत. हेल्मेट काढलं तर ओठ पांढरे.

"मला वाटलं तुम्ही मागेच आहात."

"वाटलं? मान वळवून बघायचं होतं. का बाइकबरोबर मान भाड्यानं द्यायला विसरले ते?"

तो मृदुलाशेजारी गुडघ्यावर बसला. तिनं त्याच्याकडे बघितलं आणि तोंड डेलकडे फिरवलं.

गावातल्या दवाखान्यात दोन बाटल्या सलाईन लागलं. तिथली डॉक्टरीण विचारत होती, पाणी जवळ असून प्यायलं का नाही. मृदुलानं खरं सांगितलं. तेव्हा डेल दारात उभा होता. तो म्हणाला, माझ्या जीपमध्ये घडीचा कमोड आहे, त्यावर लावायचा तंबू आहे. बुकिंगच्या ईमेलमध्ये लिहिलंय.

ईमेल विजयकडे आली होती. त्यानं त्यातला बाइकचा भाग वाचला.

तर जाणाऱ्या बायांनो, पहिलं हेच विचारा. लाज सोडा आणि विचारा. मगच हेल्मेटचा नंबर सांगा. पैसे दोन्ही दिवसांचे मिळून बरेच लागतात, त्यात जेवण धरलेलं असतं, जेवण सपक. मे अखेरीला वाळवंटात जाऊ नका, थंडीत जा. आणि तुमच्या पुढे कोण चाललंय, त्याला मागे बघायची सवय आहे का, ते घरीच तपासून घ्या.

डेलनं त्या दिवसाचे पैसे परत देऊ केले. विजयनं घेतले नाहीत. ते मात्र त्यानं बरोबर केलं.

आता आम्ही ईडन प्रेरीला आहोत. हिरवळ, तळं, सगळं जागच्या जागी. विजयनं समुद्राचे फोटो शेजाऱ्यांना दाखवले. वाळवंटाचे काढलेच नाहीत म्हणतो. मृदुला त्याच्याशी आठवडाभर कामापुरतं बोलली, मग नेहमीसारखं बोलायला लागली. तिचं तिनं मिटवलं असेल. मला विचाराल तर परत जाईन का, नाही. बघण्यासारखं होतं का, होतं. ते लाल डोंगर डोळे मिटले की अजून दिसतात आणि मी डोळे उघडते.

गेल्या शनिवारी दुपारी मृदुला सोफ्यावर आडवी झाली होती. टीव्ही बंद, घरात आवाज नाही. मी स्वयंपाकघरातून दोनदा आले. तिसऱ्यांदा येऊन तिच्या उशाशी उभी राहिले आणि तिच्या अंगावरची शाल वरखाली होतेय का बघत होते.

"आई, जिवंत आहे मी," ती डोळे न उघडता म्हणाली.

"दिसतंय," मी म्हटलं, आणि तिथेच उभी राहिले.