पप्पांची उसण आणि माझी लाथ

मी पायाळू आहे. म्हणजे जन्माला येताना मी डोक्याऐवजी पाय पुढे केले. एवढ्या एका गोष्टीवरून (जिच्याबद्दल माझं मत कुणी विचारलं नव्हतं) बजाजनगरातल्या आमच्या अख्ख्या गल्लीच्या कंबरा माझ्या हवाली करण्यात आल्या.

पाठीत उसण भरली की पायाळू माणसाने तिथं लाथ मारायची, की उसण पळाली, अशी आपल्याकडची समजूत. त्यामुळे शाळेत नाव घालायच्या आधीच माझी प्रॅक्टिस जोरात होती. कुणी काकू पाण्याची कळशी उचलताना आखडल्या, कुणी काका कंपनीतून वाकडे आले, की मला काखेत मारून न्यायचे आणि पेशंटच्या मागे उभं करायचे. "मार गं बाई, लाजू नको!" मी लाजत नसे. मग हातावर गोडीशेव पडायची. आजही गोडीशेव दिसली की माझा उजवा पाय आपोआप शिवशिवतो.

पप्पा तेव्हा वाळूजच्या एका कंपनीत कामाला होते आणि तिथल्या युनियनचे पुढारी होते. दिवाणाखाली त्यांची पत्र्याची पेटी असायची, पत्रकांनी गच्च भरलेली. शाईचा तो उग्र वास म्हणजे माझं बालपण. बाकीची पोरं कमळातला 'क' शिकत होती, तेव्हा मी कामगारातला 'क', हक्कातला 'ह' आणि धिक्कारातला 'ध' गिरवत होते. (बालवाडीच्या बाईंना मी पहिल्याच दिवशी लेखी मागण्या दिल्या होत्या. झोका हा सर्वांचा आहे, ही त्यातली प्रमुख.)

अशा घरात वाढल्यावर जे व्हायचं तेच झालं. वाचन वाढलं आणि मी लाथेच्या पदाचा राजीनामा दिला. कॉलेजात गेल्यावर तर स्वतःचं पत्रकच काढलं : 'लाथ हे औषध नव्हे!' मुद्रितं पप्पांनी तपासली. शेवटचं उद्गारचिन्ह त्यांचंच. घरोघरी वाटताना शेजारच्या काकूंनी ते पूर्ण वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "लई छान लिहिलंस गं. पण मग आता आम्ही जायचं कुठं?"

छापखान्यातून आलेला गठ्ठा मात्र निम्माही खपला नाही.

मग पप्पांच्या निवृत्तीचा आठवडा उजाडला. कंपनीच्या गेटवर निरोप समारंभ ठरला होता. हलगी सांगितली होती, टेम्पो सांगितला होता आणि पैठणहून पप्पांची थोरली बहीण, आमची शांताआत्या, खास येऊन ठेपली होती. पण पप्पांना ओढ होती ती वेगळ्याच गोष्टीची. खूप वर्षांपूर्वी, ऐन संपाच्या दिवसांत कंपनीचे मोठे साहेब त्यांना म्हणाले होते, "साळवे, एक दिवस वाकशील." पप्पांनी त्यावर गेटवरच भाषण ठोकलं होतं : "हा अशोक साळवे या गेटातून ताठ आत गेलाय, ताठच बाहेर पडेल!" ते वाक्य अजून कामगारांना पाठ होतं. साहेबांनाही. आणि निरोपाचा हार साहेबच घालणार होते.

समारंभाच्या दोन दिवस आधी, त्याच भाषणाचं जुनं पत्रक मला दाखवावं म्हणून पप्पा खाली वाकले आणि दिवाणाखालची पेटी त्यांनी एका हिसक्यात ओढली.

पेटी बाहेर आली. पप्पा वर आले नाहीत.

"पप्पा?"

"हं."

"सापडलं का?"

"पत्रक सापडलं," जमिनीकडे बघत पप्पा म्हणाले. "कंबर सापडत नाय."

कंबरेपासून वर सगळं आडवं, खाली सगळं उभं. ताठ मानेच्या पुढाऱ्याचा काटकोन झाला होता! ते तसेच अंगणात आले, तर समोरचे काका धावले. "साळवे, काय हरवलं हो?" आणि उत्तराची वाट न बघता तेही वाकून शोधायला लागले. त्यांचं बघून आणखी दोघं आले. एकाला तर खरंच कुणाची तरी चावी सापडली.

आत्याने हे पाहिलं आणि थेट माझ्या पायाकडे बोट केलं. "आगं पोरी, घरात दवा असून बाप कण्हायला व्हय? लाव पाय!"

"आत्या, मी लाथ मारणार नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे."

"लाथ कोन म्हनलं? पाय लावायचा. जरा जोरात."

मी तिला मणक्यांचं शास्त्र समजावायला बसले. पाठीचा कणा म्हणजे एकावर एक रचलेले मणके, मध्ये मऊ गाद्या, बाजूने नसा जातात. गादी सरकून नस दाबली गेली की कळ थेट पायात उतरते, तिला सायटिका म्हणतात. आणि पुष्कळदा गादी, नस सगळं जागेवर असतं, फक्त स्नायू आखडलेले असतात. आत्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "एवढं ठाव हाय, मग कामून बसलीस? मार की!"

आता मी आशेने पप्पांकडे पाहिलं. माझे पत्रकातले गुरू!

"प्रज्ञा," ते म्हणाले, "श्रद्धा म्हणून नाय हां. पण विज्ञानात प्रयोगाला जागा असते ना?"

"पप्पा! मुद्रितं तुम्ही तपासली होती!"

"तवा कंबर सरळ होती गं."

मी डगमगले नाही. मोबाइलवर मी कायरोप्रॅक्टिकचे व्हिडिओ पाहिले होते. वाकडा माणूस टेबलावर झोपतो, पांढरा कोटवाला दाबतो, 'कडाक्' आवाज होतो आणि तो हसत उठतो. हा मणक्यांच्या सांध्यांवर हातांनी करायचा उपचार, बाहेरच्या देशांत लोक तो वर्षानुवर्षं शिकतात, हेही मी वाचलं होतं. इथला माणूस कुठं, किती शिकला हे विचारावं, एवढं मात्र मला सुचलं नाही. व्हिडिओखाली शहराच्या दुसऱ्या टोकाचा, सिडकोतला पत्ता होता. मला तेवढं शास्त्र पुरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षा केली. काटकोनातले पप्पा सीटवर मावेनात. शेवटी ते रिक्षात खाली गुडघे टेकून, सीटवर कोपरं ठेवून, तोंड मागच्या बाजूला करून बसले. मी पाय वर घेऊन एका कोपऱ्यात, आत्या दुसऱ्या. बाबा पेट्रोल पंपाच्या सिग्नलला मागच्या झरोक्यातून स्कूटरवाल्याशी पप्पांची नजरानजर झाली आणि तो माणूस दचकून मागे सरकला.

रिक्षावाला म्हणाला, "चाचा, मुँह पीछू करके नक्को बैठो, पीछूवाले डर रैं!"

"डरू दे," पप्पा आतून गरजले. "मैं आज तक किसी के सामने मुँह फिराया नहीं!"

उपचार केंद्र एका मेडिकलच्या वर, दुसऱ्या मजल्यावर होतं. लिफ्ट नव्हती. (पाठीच्या पेशंटांसाठी इतका खडा जिना मी आजवर पाहिला नाही.) पण आत गेल्यावर माझा जीव शांत झाला. टांगलेला प्लॅस्टिकचा कणा, चौकटीतली प्रमाणपत्रं, पांढरा कोट! मी आत्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "याला म्हणतात शास्त्र."

कोटवाल्याने पप्पांना न तपासताच निदान केलं. "अलाइनमेंट गेलीय, मॅडम. पाच मिनिटांचं काम." पप्पांना टेबलावर पालथं घातलं, म्हणजे घालायचा प्रयत्न केला. पोट टेबलावर टेकेना, पोट टेकवलं की पाय टेबलाबाहेर लोंबत. अखेर आत्याने पाय धरले, मी खांदे धरले. कोटवाल्याने मानेला टॉवेल गुंडाळून हिसका दिला. 'कडाक्' आवाज झाला, पण तो टेबलाचा होता. मग त्याने पाठीवर थोपटून पाहिलं, मान हलवली आणि खुर्चीवर बसून उजव्या पायातला बूट काढू लागला.

"बूट का काढताय?" मी विचारलं.

"हट्टी केस आहे, मॅडम." त्याने मोजाही काढला. "पण घाबरू नका. मी पायाळू आहे."

मला वाटलं, जमीन दुभंगावी आणि मी प्लॅस्टिकच्या कण्यासकट आत जावं. मी काही बोलायच्या आत त्याने पाय उचलून पप्पांच्या कंबरेत मारला. पप्पांनी अशी आरोळी ठोकली, की खालच्या मेडिकलवाल्याने वर येऊन दार वाजवलं.

आत्याने पदर तोंडाला लावला होता. तिचे खांदे गदगदत होते. ती रडत नव्हती. "पोरी," ती कशीबशी म्हणाली, "घरची सोडून बाहीरची खायला घातलीस गं बापाला!"

टेबलावरून पप्पांचा क्षीण आवाज आला. "आणि घरची फुकट होती."

परतताना रिक्षा मी घराआधीच थांबवली. मी पप्पांना बजाजनगरातल्याच एका फिजिओथेरपिस्टकडे नेलं. पाटी साधी होती, कणा टांगलेला नव्हता, म्हणून मी सकाळी ते दार ओलांडून पुढे गेले होते. बाईंनी आधी प्रश्न विचारले. पायाला मुंग्या? बधिरपणा? लघवीवर ताबा आहे ना? मग पप्पांना झोपवून एकेक पाय सरळ वर उचलून पाहिला.

"यातलं काही असतं तर मी तुम्हाला थेट मोठ्या दवाखान्यात पाठवलं असतं," त्या म्हणाल्या. "गादी नाही सरकलेली. स्नायू आखडलेत. शेका, थोडं थोडं चाला, अंथरूण धरू नका. वजन उचलताना कंबरेतून नाही, गुडघ्यातून वाका. चार-पाच दिवसांत बहुतेक मोकळं होईल."

मी हळूच कायरोप्रॅक्टिकचं विचारलं. त्या म्हणाल्या, "शिकलेला माणूस आधी तपासतो, मग हात लावतो. पाय तर लावतच नाही."

पप्पांना वेगळीच चिंता होती. "मॅडम, उद्या गेटवर ताठ जायचंय."

"उद्या चालाल," त्या म्हणाल्या. "ताठचं आश्वासन देत नाही."

त्या दुपारी पप्पा खिडकीपाशी उशी लावून बसले होते. शेकायची पिशवी बदलायला मी गेले, तर म्हणाले, "इतकी वर्षं त्या माणसासमोर मान खाली घातली नाय गं. आता शेवटच्या दिवशी साहेब म्हणणार, बघा, वाकला." हसण्यासारखी गोष्ट होती. आम्हा दोघांनाही हसू आलं नाही. त्या क्षणी, तुम्हाला म्हणून सांगते, आत्याने आणखी एकदा आग्रह केला असता तर मी पत्रक-बित्रक विसरले असते.

निरोपाच्या दिवशी पप्पा चालत गेले. काटकोन थोडा उघडला होता, पण ताठपणा दूरच. हलगी कडाडली. सगळी शिफ्ट गेटवर जमली. मोठे साहेब हार घेऊन पुढे आले, आणि थबकले. हार घालायचा गळा त्यांच्या छातीच्याही खाली होता, जवळजवळ जमिनीला समांतर. साहेबांनी डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. मग पोट सांभाळत ते वाकले. तरी हार डोक्यालाच अडकला. आणखी वाकले. पार पप्पांच्याही खाली वाकून, मान वर करून, एकदाचा त्यांनी तो हार घातला.

गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "साहेब वाकले!"

मग जी हलगी वाजली! माणसं नाचली, टोप्या उडाल्या. पप्पांनी खालूनच मूठ वर केली. साहेब हसत होते, बहुधा. तोंड दिसत नव्हतं, कारण त्यांनाही लवकर सरळ होता येईना.

गोष्ट इथंच संपली असती तर किती बरं झालं असतं! पण घरी निघताना पप्पांना टेम्पोत चढवून मी मागून चढायला गेले, फुलांवरून घसरले, आणि माझा उजवा पाय धाडकन पप्पांच्या कंबरेत बसला. आत्याने पाहिलं. तिसऱ्या दिवशी पप्पा खांबासारखे सरळ उठले. फिजिओथेरपीच्या बाईंनी नेमके हेच दिवस सांगितले होते, हे मी गल्लीत ओरडून ओरडून सांगितलं. आत्याने काहीच सांगितलं नाही. ती फक्त माझ्या पायाकडे बोट दाखवायची.

तेव्हापासून आमच्या दारात रांग लागते. आत्याने पैठणला परतायच्या आधी एक व्यवस्था लावून दिली : माझ्या पत्रकांचा उरलेला गठ्ठा ओट्यावर ठेवला आणि येईल त्याला बसायला एक एक दिलं. पहिल्यांदाच माझी पत्रकं पुरेनाशी झाली.

मी प्रत्येकाला त्या बाईंचा पत्ता देते. परवा शेंद्र्याहून एक आजोबा कंबर धरून आले होते. बुडाखालचं पत्रक काढून त्यांनी माझ्यासमोर धरलं. "ताई, वाचलं हां मी. अक्षर न् अक्षर पटलं." आणि वळून पाठ पुढे केली. "आता जरा डाव्या अंगाला मारा."

मी ठाम नकार दिला. तेव्हा त्यांनी खिशातून गोडीशेवेची पुडी काढली.

तत्त्व जागच्या जागी होतं. उजवा पाय मात्र शिवशिवला.