हिच्या मावसभावांची यूट

जगातल्या प्रत्येक वस्तूचं वजन ज्याला तोंडपाठ आहे असा एकच माणूस मी पाहिला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मावसभाऊ निघाला. आमच्याकडे जेवायला आले की आधी कुकर उचलून बघणार, "भातासकट साडेचार किलो" असं जाहीर करणार आणि मगच पानावर बसणार. मूळचे पुण्याचे, पेशाने पुलांचे इंजिनिअर, राहायला सिडनीत आमच्याच स्कोफिल्ड्सला. मला ते जावईबापू म्हणत, आणि त्या हाकेपाठोपाठ नेहमी काहीतरी उचलायचं असे.

त्या वर्षांत आपल्याकडून शिकायला येणाऱ्या मुलांची नुसती रीघ लागली होती. पोरं दोन बॅगा घेऊन यायची, एका घरात सहा जण राहायची आणि दर सेमिस्टरला घर बदलायची. मावसभावांकडे यूट होती, म्हणजे मागे उघडा हौदा असलेली गाडी. तेवढ्या भांडवलावर त्यांनी सगळ्यांची बिऱ्हाडं हलवायला घेतली. लोकांनी कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, क्लीन-अपसाठी फुटपाथवर टाकून दिलेल्या वस्तू उचलून आणायच्या, दुरुस्त करायच्या आणि गरजूच्या घरी नेऊन नीट लावून द्यायच्या. फ्रिज भिंतीपासून चार बोटं दूर आहे हे पाहिल्याशिवाय त्यांचा पाय निघत नसे. चढवण्याआधी प्रत्येक वस्तूचं वजन व्हायचं. ज्याचं बिऱ्हाड तो मुलगा बाथरूमच्या वजनकाट्यावर एकदा नुसता उभा राहायचा, एकदा मायक्रोवेव्ह कवेत घेऊन. नागपूरचा एक पोरगा अजिजीने म्हणाला, "काका, इट्स ओके, नुसती उशी आहे." उशीचंही वजन झालं.

तरी एकदा दोन वॉशिंग मशीन आणि सोफा चढवल्यावर यूटचं बूड रस्त्याला टेकायला आलं. मावसभावांनी मागचे स्प्रिंगचे पाटे बदलून जाड घालायचं ठरवलं, जोडीला नवे शॉक अब्सॉर्बर. गॅरेजवाल्याने बजावलं, "मेट, पाटे जाड केले म्हणून जास्त वजन न्यायची परवानगी मिळत नाही. त्याला मान्यताप्राप्त इंजिनिअरची सही लागते. आणि रिकामी चालवलीस तर हाडं खिळखिळी होतील." मावसभाऊ "मी कोण आहे मग?" म्हणून अर्धा तास भांडले, हरले आणि रीतसर सही घेऊन आले. हाडांबद्दल मात्र ते नुसते हसले. "रिकामी चालवतोय कोण?"

एवढ्या खटाटोपाचं खरं कारण मला वहिनींनी सांगितलं. त्यांची एकुलती एक मुलगी पहिल्या नोकरीसाठी कॅनबेराला निघाली होती. जगाच्या पोरांची घरं लावून झाली, आता आपल्या लेकीचं पहिलं बिऱ्हाड आपल्या हाताने लावायचं, एवढं एकच त्यांनी मनाशी धरलं होतं. पलंग, टेबल, पुस्तकांची मांडणी, सगळं वजन करून गॅरेजमध्ये तयार होतं.

निघायच्या सकाळी ती दोन बॅगा घेऊन बाहेर आली.

"बाबा, रूम फर्निश्ड आहे. आय टोल्ड यू."

"टेबल तरी?"

"देअर्स अ डेस्क, बाबा. रिअली, काही नको."

त्यांनी टेबलाभोवती बांधलेली दोरी सोडली आणि नीट गुंडाळून ठेवली. मला फार वाईट वाटलं. उचलायला म्हणून बोलावलेला मी, तसाच सोबत गेलो. पुढच्या सीटवर आम्ही तिघे, मागे दोन बॅगा. रस्त्याच्या प्रत्येक सांध्यावर आम्ही वीतभर उडत होतो. लेक हसत होती, बाप हसत नव्हता. कॅनबेरात गुंगालिनच्या त्या खोलीत लावण्यासारखं काहीच नव्हतं. त्यांनी डेस्क उगाच खिडकीकडे सरकवलं, तिने त्यांना मिठी मारली, आणि आम्ही निघालो.

येताना गाडी जास्तच आदळायला लागली. वाटेत गोलबर्नला डिझेल भरायला हायवे सोडून आत गेलो, तर एका शेताच्या फाटकाशी घोड्याच्या लिदीची पोती विकायला ठेवलेली, शेजारी पैशांचा डबा. मावसभावांनी डब्यात पैसे टाकले आणि होती तेवढी पोती मागे चढवली. त्यांच्या अंगणात एका तुळशीपलीकडे काही नाही हे मला ठाऊक होतं, तरी मीही हात लावला. यूट खाली बसली, आदळणं थांबलं. घर जवळ आल्यावर समोर बघतच म्हणाले, "जावईबापू, तुमचं ते जड लाकडी कपाट, कुठे हलवायचं नाहीये ना?"

आमचं कपाट होतं तिथे उत्तम होतं.

"द्यायचंय ना, दादा," मी म्हणालो. "शनिवारी जमेल?"

"सकाळीच येतो," ते म्हणाले.

पुढचे पाच दिवस मी कपाट हवं असलेला विद्यार्थी शोधत हिंडत होतो.