क्रॉयडनहून आणलेली उंची

इव्हॉनची आई चहा आणायला आत गेली, तेवढ्यात मी दाराच्या चौकटीपाशी उभ्या असलेल्या इव्हॉनची उंची नजरेनं मोजून घेतली. डोक्यावर जेमतेम चार-पाच बोटं जागा उरत होती. म्हणजे फोनवर सांगितली होती तेवढीच, सहा फूट एक इंच. मला इतका आनंद झाला की मी तिसरं बिस्किट घेतलं.

नव्वद सालाच्या आसपासची गोष्ट. मी इंग्लंडात, लंडनजवळच्या स्लाऊच्या एका कॉलेजात पी.ई. म्हणजे शारीरिक शिक्षण शिकवत होते आणि मुलींच्या बास्केटबॉल टीमची कोच होते. नागपूरला विद्यापीठाकडून खेळले होते, हे माझं क्वालिफिकेशन. स्वतःची उंची पाच फूट दोन, हे कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

इथलं कॉलेज म्हणजे सोळा ते अठरा वर्षांची मुलं आणि दोन वर्षांचा कोर्स. कोचच्या दृष्टीनं ही फार वाईट व्यवस्था. पहिलं वर्ष मुलीला शिकवण्यात जातं, दुसऱ्या वर्षी ती खेळायला लागते, आणि जरा बरी खेळायला लागली की निघून जाते. त्यामुळे दोन कामं एकदम करायची. आहेत त्यांना घडवायचं आणि बाहेरून तयार मुली आणायच्या. या दुसऱ्या कामाला रिक्रूटिंग म्हणतात. दोन्हींसाठी मिळून मला आठवड्याला एक गुरुवार मिळायचा.

आमच्या प्रिन्सिपलनी आदल्या वर्षी एक मॅच पाहिली. आम्ही हरलो. दुसऱ्या दिवशी मला ऑफिसात बोलावून म्हणाले, "तुमच्या मुली पळतात छान, पण बुटक्या आहेत. गेट मी सम हाइट." हे त्यांनी माझ्याकडे खाली बघत सांगितलं.

मग माझे शनिवार उंची शोधण्यात जायला लागले. क्रॉयडनच्या एका शाळेत शिकवणाऱ्या मैत्रिणीनं इव्हॉनचं नाव कळवलं. उंच मुलगी, मावशी स्लाऊला राहते, कोर्स बदलायचा विचार चाललाय. मी गेले ती अगदी मुलगी बघायला गेल्यासारखी. घरचं सगळं विचारलं. अभ्यास कसा, तब्येत कशी, मावशी कडक आहे की लाड करणारी. आईनं फायरप्लेसवरच्या ट्रॉफ्या दाखवल्या. मी लांबूनच "लव्हली, लव्हली" म्हटलं. आणि निघताना, आईला बरं वाटावं म्हणून, शब्द देऊन बसले, "इव्हॉनला मी सेंटरला खेळवीन."

सेंटर म्हणजे रिंगच्या सगळ्यात जवळ खेळणारी. हुकलेला बॉल परत येतो त्याला रिबाउंड म्हणतात, तो पकडणं हे तिचं मुख्य काम. अडचण एवढीच होती की ती जागा मी आधीच सुरिंदरला देऊन बसले होते.

सुरिंदर पाच फूट आठ इंच. अख्खं पहिलं वर्ष बेंचवर बसली होती. पण दर गुरुवारी प्रॅक्टिस संपल्यावर थांबायची. समोरच्या मुलीला पाठ लावून मागे रेटायचं, म्हणजे ती उंच असली तरी बॉल आपल्याला मिळतो, हे तिनं माझ्याकडून घोटून घेतलं होतं. "पुढच्या वर्षी सेंटर तू," असं मी तिला सांगितलं होतं, आणि तिनं ते घरी सांगितलं होतं.

क्रॉयडनहून परतल्यावर मी नवऱ्याला सगळं वर्णन करून सांगितलं. ते हॉस्पिटलात भूल देणारे डॉक्टर, त्यामुळे कमी बोलतात.

"अगं, पण खेळते कशी?"

"अहो, सहा फूट एक इंच आहे ती."

"ते ऐकलं. खेळते कशी?"

मी वरणाला फोडणी द्यायला उठले.

सप्टेंबरात पहिली प्रॅक्टिस झाली. इव्हॉननं पहिलाच पास हवेत सुंदर झेलला आणि जागच्या जागी खांबासारखी उभी राहिली. मी ओरडले, पुढे जा. ती माझ्याकडे बघतच राहिली.

"बॉल हातात असताना, मिस?"

इथल्या शाळांतून मुली नेटबॉल खेळतात. त्यात बॉल हातात आला की पळायचं नाही, टप्पे टाकायचे नाहीत आणि समोरच्या मुलीपासून तीन फूट लांब राहायचं. त्या सगळ्या ट्रॉफ्या नेटबॉलच्या होत्या. त्यांच्यावर तसं कोरलेलंही होतं. आणि मी काही बोटीतून कालच उतरले नव्हते. दर मंगळवारी दुपारी मी स्वतः नेटबॉल शिकवत होते.

परत पाठवायची सोय नव्हती. पोर घर सोडून आली होती, दर रविवारी तिच्या आईचा फोन यायचा, आणि प्रिन्सिपलनी गव्हर्नर्सना, म्हणजे कॉलेजच्या नियामक मंडळाला, नवीन हाइटबद्दल सांगूनही टाकलं होतं. मग अख्खी टर्म मी तिला टप्पे टाकत पळायला शिकवत राहिले. बाकीच्या मुली भिंतीला टेकून बघायच्या. त्यातच आमची एक गार्ड, म्हणजे बॉल पुढे आणणारी, कॉलेज बदलून गेली, आणि माझे डोळे पुन्हा बाहेर लागले. मला वेम्बलीला एक मुलगी बघायला जायचं होतं. म्हणून मी सुरिंदरला म्हटलं, प्रॅक्टिसनंतर थांबतेसच, तर इव्हॉनला जरा शिकव.

"म्हणजे माझी जागा घ्यायला मीच तिला तयार करू, मिस?"

"टीमसाठी," मी म्हटलं. उत्तर नसलं की कोच हा शब्द वापरतात.

तिनं शिकवलं. माझ्यापेक्षा बरं शिकवलं.

फेब्रुवारीत कपची क्वार्टर फायनल आमच्याच हॉलमध्ये होती. हरलं की वर्ष संपलं. प्रिन्सिपल दोन गव्हर्नर्सना घेऊन आले होते. पहिल्या रांगेत सुरिंदरचे वडील बसले होते, पगडी आणि ट्रेडिंग इस्टेट या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्याचं जॅकेट. पोरगी सुरुवातीपासून खेळणार म्हणून त्यांनी शिफ्ट बदलून घेतली होती. सुरुवातीच्या पाचांत मी इव्हॉनचं नाव लिहिलं होतं.

पहिली वीस मिनिटं बघवत नव्हती. इव्हॉन आता पळायला शिकली होती, पण घाईत टप्पे टाकायला विसरायची. रेफरी शिट्टी वाजवायचा आणि बॉल समोरच्या टीमला द्यायचा. हाफटाइमला आम्ही अकरा पॉइंट मागे होतो.

इव्हॉन माझ्यासमोर आली आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागली.

"सुरिंदरला घ्या, मिस. ती मला जे शिकवते ते तिला येतं. मला अजून नाही."

प्रिन्सिपल लांबून तळहात डोक्याच्या वर धरून मला खुणा करत होते, उंच, उंच. मी त्यांच्याकडे पाठ केली आणि सुरिंदरला हाक मारली.

ती उठताना हसलीसुद्धा नाही. दुसऱ्या हाफमध्ये तिनं आपल्याहून वीतभर उंच मुलीला पाठीनं रेटत रिंगखालून बाहेर काढलं आणि एकामागून एक रिबाउंड घेतले. इव्हॉन बेंचवरून तिला सूचना देत होती, त्याही तिच्याकडूनच शिकलेल्या. आम्ही तीन पॉइंटनी हरलो. आणखी पाच मिनिटं मिळाली असती तर जिंकलो असतो. ती पाच मिनिटं माझ्याकडे होती, पहिल्या हाफमध्ये.

सुरिंदरचे वडील माझ्याजवळ आले. फार अदबीनं त्यांनी विचारलं, "मॅडमजी, पहिल्या हाफमध्ये माझ्या मुलीची तब्येत बरी नव्हती का?"

"ठणठणीत होती," मी म्हटलं. "चूक माझी झाली."

त्यांनी मान डोलवली आणि शिफ्टला गेले.

पुढच्या वर्षी इव्हॉन सेंटरला खेळली आणि आम्ही कप जिंकलो. प्रिन्सिपलनी स्टाफरूममध्ये माझ्या पारखी नजरेचं कौतुक केलं. मी सांगितलं की तिला सुरिंदरनं घडवलंय, गेल्या वर्षी गेली ती.

"तिची उंची किती?"

"पाच फूट आठ."

"व्हॉट अ पिटी," ते म्हणाले आणि चहा घ्यायला वळले.

तेव्हापासून कुणाच्या घरी गेले की मी ट्रॉफीवरची अक्षरं वाचते. आणि जागा देऊ करायच्या आधी ती कुणाला देऊन बसलेय का, हे डायरी काढून बघते. बिस्किट मग घेते.